पैसे मोजले, पण संकेतस्थळ कोणाच्या मालकीचे?

संपादक महोदय,

चार वर्षांपूर्वी आम्ही तिघी मैत्रिणींनी गोव्याच्या फोंडा तालुक्यातील बागायतदारांकडून माटोळीचे, म्हणजे चवथीला (गणेशचतुर्थीला) गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांचे, सामान घेऊन ते घरपोच देणारे ऑनलाइन व्यासपीठ उभारायचे ठरवले. कांगले, तोरिंजन, सुपारीचा घोस, नारळाची पेंड (घड), यांतले काय कोणाच्या कुळागरात (बागायतीत) मिळते हे आम्हाला तोंडपाठ होते. संगणकातले मात्र काही कळत नव्हते, म्हणून ओळखीतल्या एका डेव्हलपरला काम दिले. सारी बोलणी व्हॉट्सअ‍ॅपवर झाली, पैसे तीन हप्त्यांत चुकते केले आणि लेखी करार केलाच नाही. पुढे तो नोकरीसाठी परराज्यात गेला. त्यानंतरच्या चवथीला चार दिवस उरले असताना डोमेनची, म्हणजे संकेतस्थळाच्या नोंदवलेल्या नावाची, मुदत संपून संकेतस्थळ बंद पडले. डोमेन त्याच्या नावावर, नूतनीकरणाचा ओटीपी त्याच्या मोबाइलवर, आणि फोन कोणी उचलेना. कोणी काय मागवले होते त्याची यादीही आतच अडकली. तोडून आणलेला माल शेवटी आम्ही फोंड्याच्या बाजारात बसून मिळेल त्या दराला विकला.

हे पत्र त्या तरुणाविरुद्ध नाही. ठरलेल्या कामाबाहेरचे कितीतरी बदल आम्ही त्याच्याकडून फुकट करून घेतले होते आणि करार नसल्याचा तोटा त्यालाही झाला होता. सांगायचे आहे ते नंतर वकिलाकडून समजले ते. पैसे देऊन करून घेतलेली वस्तू आपलीच, असा आपला सर्वांचा समज असतो. छायाचित्रकाराला पैसे देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राच्या बाबतीत, वेगळा करार नसेल तर, 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो खराही आहे. परंतु संकेतस्थळ चालवणारी संगणक प्रणाली (प्रोग्राम) त्या कायद्यात साहित्यकृती म्हणून गणली जाते आणि पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिली नसेल, तर तिचा पहिला मालक ती लिहिणाराच असतो. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या डेव्हलपरकडून मालकी आपल्याकडे यायची असेल तर त्याच्या सहीचे लेखी हस्तांतरण लागते. त्यात मुदत लिहिली नाही तर ते केवळ 5 वर्षांचे आणि प्रदेश लिहिला नाही तर केवळ भारतापुरते धरले जाते. आखातातून घरच्यांसाठी मागणी नोंदवणारे गोंयकार ज्यांचे ग्राहक आहेत, त्यांनी ही दुसरी अट विसरू नये.

यंदा नवे काम देताना आम्ही डोमेन, सर्व्हर आणि पेमेंट गेटवे (ग्राहकांचे ऑनलाइन पैसे स्वीकारणारी सेवा) यांची खाती आधी स्वतःच्या ईमेलवर व मोबाइलवर उघडली आणि डेव्हलपरला केवळ कामापुरता प्रवेश दिला. सोर्स कोड, म्हणजे डेव्हलपरने लिहिलेली मूळ प्रणाली, दर आठवड्याला आमच्या खात्यात जमा होतो. कोणती पाने, कोणत्या सोयी आणि किती दिवसांत, हे मराठीत लिहून दोघांनी सह्या केल्या. वाढीव बदलाचे वेगळे पैसे ठरले. शेवटचा हप्ता, आमच्यापैकी एकीने स्वतःच्या मोबाइलवरून खरी मागणी नोंदवून ती रक्कम आमच्या बँक खात्यात पोचल्यावरच द्यायचा, असे ठरवले आहे. या अटींना डेव्हलपरने खळखळ केली नाही, उलट त्यालाही आपले पैसे सुरक्षित वाटले.

राज्याचे स्टार्टअप धोरण राबवणाऱ्या विभागाला माझी कळकळीची विनंती आहे, की अशा कराराचा मराठी आणि कोकणी नमुना प्रत्येक पंचायतीत व स्वयंसहाय्य गटापर्यंत पोचवावा. हा नमुना वकिलांच्या भाषेत नसावा. सावईवेऱ्यातल्या एखाद्या बागायतदारीणबाईने स्वतः वाचून सही करावी, इतका तो सोपा हवा, आणि पुढच्या चवथीची तयारी सुरू होण्याआधी तो हाती पडावा.

आपली नम्र,
एक लघुउद्योजिका, फोंडा