आमच्या वाघांचं मूळ खोटं लिहू नका : मंत्रिमहोदयांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सादर नमस्कार.

मी सोलापूरचा, वय ६८. तेवीस वर्षं सर्कशीत वाघांच्या पिंजऱ्यावर होतो. यंदा गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, नातवाला घेऊन होम मैदानावर गेलो. तिथे एका सरकारी स्टॉलवर फलक लावला होता : ‘सर्कशीतील वाघ जंगलातून पकडून आणत. पांढरा वाघ ही हिमालयातील वेगळी जात आहे.’ मागच्या वर्षीही हाच फलक होता. मी लेखी अर्ज दिला होता, दुरुस्त करू असा शब्द मिळाला होता. यंदा तोच मजकूर, फक्त रंग नवा. विचारलं तर स्टॉलवरचा पोरगा म्हणाला, “आजोबा, सर्कसवाल्यांना यातलं काय कळतंय?” नातवासमोर.

साहेब, मला दुसरं काही कळत नाही, पण हेच कळतं. आमच्या सात वाघांपैकी एकानंही जंगल पाहिलेलं नव्हतं. सातही पिंजऱ्यात जन्मले, त्यांचे आईबापही पिंजऱ्यातलेच. राणी वाघीण तर याच होम मैदानावर व्यायली. तिनं पिल्लांना जवळ केलं नाही. एक तिसऱ्या दिवशी गेलं. दुसऱ्याला मी रात्रभर उठून उठून शेळीचं कोमट दूध बाटलीनं पाजलं. पिताना ते पुढच्या पंजांनी माझं मनगट दाबत राहायचं, मांजराचं पिल्लू आईचं पोट दाबतं तसं.

आणि पांढरा वाघ. ती जात नाही, रंग आहे. आईबाप दोघांकडून तो गुण आला तरच पिल्लू पांढरं होतं. १९५१ साली रीवाच्या महाराजांनी जंगलात ‘मोहन’ नावाचा पांढरा बछडा पकडला. साध्या वाघिणीपासून त्याला पांढरं पिल्लू झालं नाही, म्हणून त्याच्याच मुलीशी, राधाशी, जोड लावली. १९५८ साली पांढरी पिल्लं झाली. पुढची पैदास अशीच जवळच्या नात्यात होत गेली. त्यांच्यात इतके तिरळे डोळे दिसतात, ते या पांढऱ्या रंगाच्या गुणामुळेच. परदेशी सर्कशींत तर बंगाली आणि सैबेरियन रक्त मिसळलेले वाघ सर्रास होते. ओडिशातल्या सिमलीपालचे काळपट वाघसुद्धा वेगळी जात नव्हेत, त्यांचे पट्टे रुंद होऊन एकमेकांत मिसळलेले असतात. पिवळा, पांढरा, काळपट, वाघ एकच. हे पोरांना सांगायला काय हरकत आहे?

सर्कशीची बाजू मांडायला मी बसलेलो नाही. सर्कशीत वाघ-सिंहांचे खेळ करण्यावरची बंदी २००१ साली सर्वोच्च न्यायालयानं कायम ठेवली ते बरंच झालं. हंटर मी जवळून पाहिलाय. पण बंदीनंतर आमचे वाघ नेण्यासाठी गाडीत चढवताना सरकारी साहेब लोकांनी आम्हाला शब्द दिला होता की अनुभवी माणसांना प्राणिसंग्रहालयात घेऊ. मी हेलपाटे घातले, चपला झिजल्या. अनुभवाचा दाखला आणा म्हणाले. बंद पडलेल्या सर्कशीचा दाखला कुठून आणू? उजव्या हाताची दोन बोटं राणीनं तोडली, ती दाखवली. ‘हा पुरावा चालत नाही.’ मग चादरीच्या कारखान्यात अकरा वर्षं रात्रपाळीचा वॉचमन झालो. बायकोचं दुखणं अंगावर काढलं, तिच्या औषधाला पैसे पुरले नाहीत. ती गेली.

यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातला वाघ चालत बार्शीकडे आला, तेव्हा पट्ट्यांवरून सरकारनं त्याचं मूळ शोधून काढलं. चांगलंच केलं. मग आमच्या सात वाघांच्या कागदावर ‘जन्मस्थळ : अज्ञात’ का लिहिलं? मी शेजारी उभा होतो, मला कुणी विचारलं नाही. या राज्यात कागद नसेल तर वाघ हा वाघ नाही आणि माणूस हा माणूस नाही. १८८० साली विष्णुपंत छत्र्यांनी, एका मराठी माणसानं, या देशात सर्कस उभी केली. तिच्यात हाडं झिजवलेल्यांची मोजदाद कोणत्या खात्याकडे आहे, तेवढं सांगा.

मला आता नोकरी नको. पिंजऱ्यावर काम केलेली जी म्हातारी माणसं अजून जिवंत आहेत, त्यांना मानधन द्या. आणि पुढच्या गड्ड्याआधी तो फलक उतरवा. नव्या फलकाची पहिली ओळ मी देतो : ‘राणीचा बछडा, जन्म होम मैदान, सोलापूर.’ तारीख आणि वेळ माझ्या वहीत आहे. माणूस पाठवा, वही दाखवतो.

आपला,
पिंजऱ्यावरचा एक जुना माणूस
सोलापूर