ईराच्या फ्रेंचबद्दल

लेस्टर, 11 फेब्रुवारी 2026

ती. आई-बाबांस,
सा. न.

रविवारी फोनवर विषय अर्धवट राहिला. बाबा, तुम्ही "सोडून दे गं ते फ्रेंच, कॉम्प्युटर घे" म्हणालात आणि ईरा टुणकन उठून निघून गेली. तिच्यादेखत वाद नको म्हणून मी गप्प बसले. आता लिहूनच सांगते, कारण फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही.

इथे नववीत जीसीएसईचे, म्हणजे सोळाव्या वर्षी द्यायच्या आपल्या दहावीसारख्या परीक्षेचे, विषय निवडावे लागतात. इंग्रजी, गणित, सायन्स सगळ्यांना असतं, बाकीचे आवडीप्रमाणे. परकीय भाषा त्या बाकीच्यांत येते. इंग्लंडच्या सरकारी शाळांत ती सातव्या वर्षापासून चौदाव्यापर्यंत सक्तीची आहे, पुढे नाही. पूर्वी सोळापर्यंत असायची. 2004 मध्ये ती सक्ती काढली. 2002 साली शंभरातली 76 मुलं भाषेच्या परीक्षेला बसत, 2011 मध्ये 40 उरली. नंतर सरकारने बरंच चुचकारलं, पण गाडी निम्म्याच्या पुढे काही सरकली नाही.

नको असेल तर नाही घेतली, बिघडलं कुठे, असं तुम्ही म्हणाल. पण गळलं कोण ते बघा ना. खासगी शाळांतली मुलं भाषा शिकत राहिली. गळाली ती जास्त करून सरकारी शाळांतली, त्यातही गरीब वस्तीतली. कागदावर निवड पोरांची असते, खरी निवड शाळा करते. शाळांचं नाव निकालावर ठरतं, आणि फ्रेंच-जर्मनची तपासणी इतर विषयांपेक्षा कडक होते हे परीक्षांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनेच 2019 मध्ये मान्य केलं. मग कुठला हेडमास्तर काठावरच्या पोराला "घे रे फ्रेंच" म्हणेल? ईराच्या शाळेत पालकांच्या मीटिंगला प्रत्येक विषयाचं टेबल मांडलं होतं. भाषेच्या टेबलामागे एकच बाई, समोर कुणी नाही. जर्मनचं टेबलच नव्हतं. मुलं कमी पडली म्हणून वर्ग बंद. ज्या पोराला जर्मन हवं होतं त्याने आता काय करायचं?

सक्तीचे गोडवे गात नाहीये मी. प्राथमिक शाळेतली सक्ती मी जवळून पाहिली आहे. 2014 पासून ती कायद्याने आली, पण शिक्षक कुठून आणणार? ईराच्या वर्गात शुक्रवारी दुपारी अर्धा तास फ्रेंच असायचं. शिकवणाऱ्या त्यांच्या नेहमीच्याच वर्गशिक्षिका, स्वतः शाळेत शिकलेलं आठवून आठवून शिकवणाऱ्या. रंग, आकडे, वार, "माझ्याकडे एक मांजर आहे". चार वर्षं हेच. मोठ्या शाळेत गेली तर तिथे पुन्हा रंगांपासून सुरुवात, कारण दुसऱ्या शाळांतून आलेली मुलं स्पॅनिश शिकून आलेली. पोरगी कंटाळणार नाहीतर काय! त्यात ब्रेक्झिटनंतर फ्रान्स-स्पेनहून येणाऱ्या शिक्षकांना व्हिसाची भानगड. म्हणून माझं म्हणणं, सक्ती करा, सोळापर्यंत करा, पण आधी सरकारवर करा: शिक्षक द्या, तास द्या, मग पोरांना बसवा.

बाबा, तुमचा टोमणा मला झोंबला, तो मुद्द्याचा होता म्हणून. "पहिलीपासून हिंदी नको म्हणताना तू माझ्या बाजूला होतीस, आणि तिकडे सक्तीची वकिली?" हो, दोन्ही. ज्याची बाराखडी अजून बसलेली नाही अशा सहा वर्षांच्या पोरापुढे तिसरी भाषा ठेवणं वेगळं आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला दोन वर्षं आणखी तग धर म्हणणं वेगळं. हिंदीचे ते दोन्ही जीआर 29 जून 2025 ला मागे घेतले तेव्हा मलाही बरंच वाटलं. आणि खरं सांगा, पाचवीत एबीसीडी सुरू झाली तेव्हा मला कुणी आवड विचारली होती? आठवीत सगळ्या मैत्रिणी संयुक्त हिंदी-संस्कृत घेत होत्या आणि तुम्ही "स्कोरिंग आहे" म्हणून पूर्ण संस्कृत घ्यायला लावलंत. तेव्हा सक्ती चालत होती.

राहता राहिला तुमचा मोठा सवाल, की जगभर इंग्रजी चालतं तर या लोकांना फ्रेंच कशाला. नोकरीसाठी म्हणाल तर फारसं नाही, ईरासुद्धा बरंचसं विसरेल. पण मागच्या आठवड्यात आमच्या फार्मसीत एक गुजराती आजी आल्या होत्या. गोळी जेवणाआधी की नंतर, एवढंच सांगायचं होतं. आमचा तरुण सहकारी तेच इंग्रजी वाक्य तीनदा म्हणाला, दर वेळी आणखी मोठ्याने. मुलगा स्वभावाने चांगला आहे. पण परक्या भाषेत तोंड उघडताना आपली काय गत होते, हे त्याला ठाऊकच नाही. चौदाव्या वर्षी भाषा सोडलेली. शेवटी मी मोडक्या गुजरातीत सांगितलं. ज्यांच्या घरात इंग्रजीखेरीज काही कानावर पडत नाही त्यांना ही अडखळण्याची सवय शाळेशिवाय कोण लावणार?

आई, तुझी तक्रार वेगळी आहे हे मला कळतं. मराठी धड वाचता येईना आणि फ्रेंचचे लाड कसले. इथे गुजराती, उर्दू, पंजाबी, बंगालीची जीसीएसई देता येते, मराठीची नाही. ईराची मैत्रीण घरच्या गुजरातीवर एक विषय मारून नेणार म्हणून ईरा तिच्यावर जळते. पण फ्रेंचमधून वाचलेला वेळ मराठीला जाणार नाही गं, तो फोनला जाईल. त्यापेक्षा बुधवारी संध्याकाळी तू तिच्याकडून पानभर मोठ्याने वाचून घेत जा. माझ्यापुढे ती ढिम्म बसते, तुझ्यापुढे बसणार नाही.

फॉर्म शुक्रवारी द्यायचा आहे. सध्या त्यावर फ्रेंच लिहिलंय, पेन्सिलीने. बाबा, तोवर तिचा फोन आला तर कॉम्प्युटरचं नाव काढू नका. शनिवारी माझ्याशी हवं तेवढं भांडा.

तुमची,
वैशाली