कूलरने उडवलेला कागद

नागपूर,
१२ मे

प्रिय राजा,

पत्र पोचलं. उतारा वाचताना टीपा काढायच्या की नाही, एवढ्या एका प्रश्नासाठी तू दोन पानं भरलीस, तेव्हाच तुझा रोग समजला. मलाही तोच होता.

गेल्या रविवारी सीताबर्डीच्या अभ्यासिकेत लॅपटॉपवर कॅटची, म्हणजे एमबीएच्या प्रवेश परीक्षेची, मॉक (सराव परीक्षा) देत होतो. पहिला उतारा आला न् मी सवयीनं उतरवायला लागलो. अर्धं पान झालं. तेवढ्यात गेलेली लाइट आली, कूलर धडधडत सुरू झाला आणि माझा कागद उडून थेट मागच्या बाकाखाली! उठलो असतो तर पोरांनी खाल्लं असतं. तसेच चार प्रश्न सोडवले. तीन बरोबर. पुढच्या उताऱ्याला कागद कोपराखाली दाबून ठेवला होता, तिथं दोन चुकले.

घरी येऊन ते दोन पाहिले. दोन्ही चुकीच्या पर्यायांत मी कागदावर उतरवलेलेच शब्द होते, जसेच्या तसे. पेपर काढणारा तेच आमिष लावतो बे! शब्द उताऱ्यातले, म्हणणं भलतंच. स्वतःच्या अक्षरातला शब्द दिसला की आपण लगेच गळाला लागतो.

आणि वेळ कुठं आहे? कॅटमधल्या इंग्रजीच्या भागाला ४० मिनिटं, प्रश्न २४, त्यातले १६ उताऱ्यांवरचे. उताऱ्यांवरचं बरोबरला ३, चुकलं की १ वजा. उतारा तर शेवटपर्यंत समोर स्क्रीनवर असतो, पळून जात नाही.

पण पेन फेकूनही देऊ नको. तत्त्वज्ञानाचा एखादा उतारा असतो, दोन परिच्छेद दुसऱ्याचंच मत सांगतो आणि तिसऱ्यात हळूच पलटतो. तिथं मी वाचताना पेन खाली ठेवतो. परिच्छेद संपला की तीन-चार शब्द, तेही मराठीत: ‘जुन्यांचं म्हणणं’, ‘याला पटत नाही’, ‘पण अर्धं मान्य’. बस. इंग्रजी वाक्य झोपेतही उतरवता येतं, मराठीत लिहायला ते आधी कळावं लागतं. शब्द सुचले नाहीत तर परिच्छेद डोक्यावरून गेला, पुन्हा वाचायचा. नंतर त्या टीपेकडं मी ढुंकूनही पाहत नाही.

तुझ्या राज्यसेवेच्या सीसॅटचं, म्हणजे पूर्व परीक्षेतल्या त्या दुसऱ्या पेपरचं, वेगळं. तिथं पुस्तिका हातात, ‘परंतु’, ‘तथापि’ला गोल कर, पुरे. ८० प्रश्न, दोन तास, आणि काढायचे नुसते ३३ टक्के. उताऱ्याखालचे प्रश्न मात्र आधी चाळू नको. मी ते करून पाहिलंय, नुसती उत्तरं शोधत फिरतो माणूस, लेखक काय म्हणतो ते राहूनच जातं.

पुढच्या खेपेला एखादा सोडवलेला उतारा कागदासकट पाठव. किती खरडतोस ते पाहू दे.

उद्या पुन्हा मॉक आहे. कूलरसमोरची जागा सोडून बसणार.

तुझा,
बंड्या