आई, गुरुवार मोडायचा नाही

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

फोनवर हा विषय काढला की आई "बघू रे" म्हणते आणि बाबा क्रिकेटवर येतात, म्हणून लिहून पाठवतोय. दोघांनी एकत्र बसून वाचा. बाबा, आईला मोठ्याने वाचू द्या, मध्ये बोलू नका.

ताई, शलाका आणि मी बोलून ठरवलं आहे की तुम्हाला पुण्याला कायमचं हलवायचं नाही. नाशिकचं घर विकायचं नाही, भाड्यानेही द्यायचं नाही. बाणेरची खोली तुमचीच आहे. कपाट रिकामं ठेवलंय, पलंगही बाबांच्या गुडघ्यांना सोसेल अशा उंचीचा करून घेतलाय. हवं तेव्हा या, हवं तितकं राहा. पण तुमचं घर नाशिकला.

यावरून माझ्याबद्दल काय बोललं जाईल ते मला ठाऊक आहे. बाबांची अँजिओप्लास्टी झाली त्या रात्री काका मला बाजूला घेऊन जे म्हणाले ते अजून कानात आहे, आणि ते मायेपोटीच बोलले होते. इथून तिथं २१० किलोमीटर. रात्री-अपरात्री तुमचा फोन आला तर चाकण, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर करत मी पोचेपर्यंत उजाडेल. हा हिशेब मी रोज झोपताना करतो. शलाकाही करते. तो करूनच हे ठरवलंय. जबाबदारी टाळायची म्हणून नाही, एवढं मनात पक्कं धरा.

आई, दिवाळीपासून तू पुस्तक भिशीला गेलेली नाहीस. तू मला सांगितलं नाहीस, सुमनमावशीने सांगितलं. तिच्यावर रागावू नकोस. तुझ्या खुर्चीवर कुणी बसत नाही म्हणाली आणि पुढे तिला बोलवेना. यंदा २७ फेब्रुवारीच्या अभिवाचनात तुझं नाव होतं, तुझी पानं ऐनवेळी तिला वाचावी लागली. "ह्यांना एकटं टाकून कशी जाऊ" हे तुझं उत्तर मला न विचारताच माहीत आहे.

बाबा, तुम्हाला आठवत असेल. कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ साली 'ग्रंथ तुमच्या दारी' सुरू केलं आणि पुढे आपल्या कॉलनीतल्या बायकांनीही शंभर पुस्तकांची ती पेटी मागवली, तेव्हा "एवढी वाचून कधी होणार" असं तुम्हीच म्हणाला होतात. पेटी बदलायची वेळ आली तेव्हा अर्ध्याजणींचं मन तिच्यातून निघेना. त्यातून भिशी सुरू झाली. दरमहा प्रत्येकीने दोनशे रुपये काढायचे, चिठ्ठी निघेल तिने आपल्या पसंतीची पुस्तकं आणायची, ती सगळ्यांनी वाचायची आणि गुरुवारी त्यावर बोलायचं. दागिन्यांची भिशी तू कधी लावली नाहीस. ही मात्र दिवाळीपर्यंत कधी चुकवली नव्हतीस.

मला त्या गुरुवारांचं खरं अप्रूप वेगळंच आहे. तुम्ही नुसतं वाचून उठत नाही. पोळी-भाजी केंद्रवाल्या कुंदाकाकू सुरुवातीला फक्त चहाचे कप गोळा करायच्या. आता त्या पानाचा नंबर सांगून "हे मला पटलेलं नाही" म्हणतात, आणि सायन्सच्या बाई त्यांच्याशी वाद घालतात. त्याच सायन्सच्या बाई निवृत्तीनंतर कविता लिहायला लागल्या. कुणी शिकवायला बसलेलं नाही, कुणी गुण देणार नाही. एकमेकींचं ऐकून घेतात, इतकंच. ते इतकंच बायकांच्या वाट्याला किती उशिरा येतं, हे मला तुझ्याकडे बघून कळलं.

गेल्या वर्षी तुम्ही 'स्मृतिचित्रे'चं अभिवाचन केलंत तेव्हा मी मागच्या रांगेत होतो. तुझ्या हातातले कागद पेन्सिलीच्या खुणांनी भरले होते, कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली घ्यायचा. तू वाचायला लागलीस आणि मला गोवर निघाला होता तेव्हाची ती खोली आठवली. कडुलिंबाच्या पाल्यावर निजवून तू म्हातारीचा, वाघाचा, भोपळ्याचा वेगवेगळा आवाज काढायचीस आणि मी खाजवू नये म्हणून दोन्ही हात तुझ्या मांडीवर धरून ठेवायचीस. तोच आवाज भर सभागृहात ऐकला, आई.

घरी येताना गाडीत तू लक्ष्मीबाई टिळकांचंच बोलत होतीस. जन्म १८६८ चा, आपल्या जलालपूरचा. शाळा नाही. आणि पुस्तकाचा पहिला भाग आला १९३४ साली. हे सांगून झाल्यावर तू वजाबाकी केलीस, "सहासष्टाव्या वर्षी रे!" म्हणालीस आणि गंगापूर रोड लागेपर्यंत बोलली नाहीस. त्याच पावसाळ्यात तू लिहायला घेतलंस.

१९६९ च्या पुराचं तुझं लिखाण मी किती वेळा वाचलं असेल. पूर आपल्या घरात सगळ्यांनीच ऐकलाय. पंचवटीतला वाडा, दुतोंड्या मारुतीकडे बघून पाण्याचा अंदाज घेणारी माणसं, आजीने आधी धान्याचे डबे माडीवर चढवले आणि मग देव. पण तुझं दप्तर खालीच राहिलं, हे कधी कुणी सांगितलं नव्हतं. वह्यांचा लगदा झाला आणि पुढच्या वर्षी तुझं नाव शाळेत घातलं गेलं नाही. चौदा वर्षांची होतीस. मला आणि ताईला हे तुझ्या कागदावरून कळलं. बाबा, तुम्हाला तरी माहीत होतं का? प्रेसमध्ये नोटेवरचा बारीकसा दोष हेरणारी तुमची नजर, लाल पेन घेऊन तुम्ही ऱ्हस्व-दीर्घ तेवढे सुधारलेत आणि वाक्य एकही बदललं नाहीत. ते मी पाहिलंय.

आणि मग दिवाळीनंतर तुम्ही बाणेरला आमच्याकडे राहिलात. सोसायटीत बाग आहे, ज्येष्ठांचा कट्टा आहे, लोक आपुलकीचे आहेत. कुणाबद्दल तुझी तक्रार नव्हती. शलाकाने तुझी वही मुद्दाम टेबलावर काढून ठेवली होती. तुम्ही गेल्यावर तिने ती उघडून मला दाखवली. पुरानंतरच्या कोऱ्या पानावर तू बाबांच्या गोळ्यांची यादी लिहिली होतीस, सकाळ-दुपार-रात्र अशी. तुला इथे सगळं मिळेल, पण ती वही पुढे सरकणार नाही, असं मला वाटतं. त्या बायका इथे मी कुठून आणू?

आता व्यवस्था. येत्या गुरुवारपासून दुपारी अडीच ते सहा बाबांसाठी एक दादा येतील. ताईने त्यांना भेटून, चौकशी करून ठरवलंय. पैसे आगाऊ दिलेत, त्यामुळे "नको, उगाच खर्च" हा मुद्दा संपला. त्यांना साखर तपासता येते आणि बुद्धिबळही येतं. बाबा, ते तुम्हाला सांभाळायला नाहीत, सोबतीला आहेत. न्हाणीघरात धरायला दांड्या आणि न घसरणाऱ्या फरश्या या महिन्यातच बसतील. समोरच्या काकूंकडे एक किल्ली दिलीय. फ्रिजवर १०८ आणि डॉक्टरांचा नंबर मोठ्या अक्षरात लावून ठेवा. मी एक आड एक शनिवारी येतोच आहे.

आई, दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू पावसाळ्यापर्यंत ढकलायचा नाही. तारीख मी घेतोय. संध्याकाळी खिडकीच्या उजेडात वाचणं बंद, दिवा पाठवलाय. भिशीला जाता-येता रिक्षा, चालत रस्ता ओलांडायचा नाही. तिथून बाबांना सारखे फोन करायचे नाहीत. बाबा, तुम्हीही "कधी येतेस" म्हणून करायचा नाही. चहाबरोबर बिस्किटं बंद, दादांना सांगून ठेवलंय.

मे महिन्यात या म्हणणार होतो, पण वसंत व्याख्यानमाला सोडून आई यायची नाही. तेव्हा जूनमध्ये या.

हस्तलिखित अंक यंदाच्या दिवाळीला काढायचा असं सुमनमावशी म्हणत होती. ती यादी लिहिलेलं पान फाडू नकोस, पुढच्या पानापासून लिही. बाबा, लाल पेन तयार ठेवा.

तुमचा,
बाळू

ता. क. : दिवा शनिवारपर्यंत कुरिअरने येईल. खोका बाबांनी उचलायचा नाही.