कोपऱ्याचे दगड बाबांसाठी ठेवलेत

नाशिक, रविवार

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितेय. दादाला मोठ्याने वाचायला सांगा.

मागच्या रविवारी आपल्या खदानीवर गेले होते. क्रशर केव्हाच भंगारात गेला. पट्ट्याखालचे सिमेंटचे खांब तेवढे उभे आहेत, त्यांना कपडे वाळत घालायच्या दोऱ्या बांधल्यात. वस्तीत अठरा घरं उरली. तरणी पोरं सातपूर-अंबडला कंपनीत जातात, बाकी सगळे द्राक्षबागांत. आई, तुझ्याशेजारी बसून खडी फोडणाऱ्या मावशी आता बायकांच्या टोळीच्या मुकादम आहेत. छाटणीचा, विरळणीचा एकरी भाव त्याच ठरवतात. बागायतदाराकडून उचल घ्यायची नाही, हा त्यांचा पहिला नियम. उचल फिटता फिटत नाही म्हणून आपण एकाच मालकाकडे किती वर्षं अडकलो, ते त्यांना पाठ आहे.

तुझी खूप आठवण काढत होत्या. संध्याकाळी सुरुंगाची शिट्टी झाली की तू हातातलं काम टाकून बार मोजायचीस. भोकं किती भरलीत ते बाबा सकाळीच सांगून गेलेले असायचे. तितके बार ऐकू आले की तू चूल पेटवायचीस. एक जरी कमी पडला, तरी कुठेतरी न उडालेला सुरुंग राहिला म्हणून बाबा घरी येईपर्यंत दारात उभी. मला अंक शाळेत जायच्या आधीच आले ते त्यामुळे. आणि ब्रास म्हणजे शंभर घनफूट, हेही तुमच्या हजेरीच्या वहीतूनच शिकले.

आता मुद्द्याचं. खदानीत बारा महिने पाणी असतं, हिरवंगार. गेल्या पावसाळ्यात दोन पोरं पोहायला उतरली आणि जेमतेम वाचली. नदीला उतार असतो, पाय टेकतात. इथे काठ संपला की सरळ कडा, वर यायला हाताला काही लागत नाही. कुंपणासाठी अर्ज केले, ते या टेबलावरून त्या टेबलावर फिरतायत. शेवटी वस्तीनेच ठरवलं, इर्जिक करून, म्हणजे सगळ्यांनी मिळून बिनमजुरीने, रस्त्याच्या बाजूने दगडी बांध घालायचा. पडून राहिलेले चिरे आहेतच. दोन रविवार झाले, घरटी एक माणूस येतो, जेवण आळीपाळीने. कंबरेइतकी भिंत उठलीय. पण कोपरे जमत नाहीत. पोरांना दगड रचता येतो, घडवता येत नाही. कोणत्या बाजूने फुटेल ते न बघताच घण घालतात आणि चांगला चिरा वाया जातो. सगळ्यांच्या तोंडी एकच, बाबांना बोलवा.

बाबा, तुम्ही नेहमी म्हणता, आम्ही जन्मभर नुसती खडी केली, आमच्या हातचं काही उभं नाही. मला ते पटत नाही. गेल्या महिन्यात वर्गाची सहल पांडवलेण्यांना नेली होती. डोंगरात 24 लेणी, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरायला घेतलेली, आणि दगड तोच, आपला काळा. भिंतीवरचे टाकीचे घाव मुलांना दाखवले आणि सांगितलं, माझे वडील हेच काम करायचे. शाळेत असताना वडिलांच्या धंद्यापुढे मी शेती लिहायचे. हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. माफ करा.

मुलांनी विचारलं, दगड फुटणार हे कसं कळतं? मी तुमचंच सांगितलं. रेषेत भोकं पाडायची, पाचरी बसवायच्या, एकेकीवर सारखा घाव घालत जायचं आणि आवाज ऐकत राहायचं. आवाज बदलला की थांबायचं.

तुम्ही घण उचलायचा नाही, गुडघ्यांचं मला माहीत आहे. झाडाखाली खुर्ची टाकून ठेवते. दगडावर खूण तुम्ही करा, घाव पोरं घालतील. तुम्हाला आवाज ऐकू आला नाही तर दगडावर हात ठेवून बघा, पूर्वीही तुम्ही तसंच बघायचात. आई, मावशींनी तुझं अंथरूण त्यांच्याच घरी घातलंय, माझ्याकडे नंतर ये.

दादाने पुण्याहून शनिवारच्या सकाळच्या बसमध्ये बसवून द्यावं, मी द्वारका चौकात घ्यायला येते. कपाटावरच्या लुगड्यात गुंडाळलेली टाकी आणि छिन्नी तेवढी आणा. घणांना दांडे इथे बसवून ठेवते. चार कोपरे तुमच्यासाठी मोकळे सोडलेत.

तुमची लेक