गृहमंत्र्यांना खुले पत्र : निवृत्तीच्या तोंडावर वसुली नको

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सविनय नमस्कार.

माझे वडील पोलीस शिपाई म्हणून भरती झाले आणि सहायक फौजदार म्हणून 58 व्या वर्षी निवृत्त झाले. निवृत्तीला दोन महिने उरले असताना त्यांच्या हातात एक कागद पडला. त्यात लिहिलं होतं : कालबद्ध पदोन्नतीच्या (ठराविक वर्षांच्या सेवेनंतर वरची वेतनश्रेणी मिळते, त्या) वेळी वेतननिश्चिती, म्हणजे नवा पगार ठरवणं, चुकली होती, तेव्हापासून जादा दिलेला पगार ग्रॅच्युइटीतून वळता केला जाईल. ड्युटीवरून आलेले बाबा बूटही न काढता खुर्चीत बसून राहिले. "मी कुठं काही खोटं लिहून दिलं होतं?" एवढंच म्हणाले.

साहेब, वेतननिश्चिती शिपाई करत नाही. ती आस्थापना शाखेत होते, त्यावर अधिकाऱ्याची सही असते. बंदोबस्तावरच्या माणसाला स्वतःचं सेवापुस्तक वर्षानुवर्षं दिसतही नाही. वेतन पडताळणी पथकाकडे ते निवृत्तीच्या वेळी जातं आणि वीस वर्षांपूर्वीची चूक तेव्हा सापडते. तोवर ते पैसे मुलांच्या फीमध्ये, आजीच्या औषधात कधीच संपलेले असतात.

पंजाब राज्य विरुद्ध रफीक मसीह या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2014 सालीच सांगितलं आहे की वर्ग 3 आणि 4 च्या कर्मचाऱ्यांकडून, तसंच वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून अशी वसुली करता येणार नाही. बाबा दोन्हींत बसतात. निकालाची प्रत जोडून आम्ही अर्ज दिला. उत्तर आलं नाही, रक्कम कापली गेली. मॅटमध्ये, म्हणजे सरकारी नोकरांचे वाद ऐकणाऱ्या महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात जा, असं सगळे सांगतात. पण उभी नोकरी कोर्टात साक्षी देण्यात गेलेल्या माणसाला स्वतःच्या पैशासाठी तिथं उभं राहणं नको वाटतं. मला ते फार लागतं.

निवृत्तिवेतन नियम, 1982 प्रमाणे पेन्शनच्या कागदपत्रांचं काम दोन वर्षं आधी सुरू व्हायला हवं. पोलीस दलात पडताळणी त्याहीआधी, प्रत्येक वेतननिश्चितीनंतर लगेच करून घ्या. चूक महिन्याभरात सापडली तर कुणीही ती आनंदाने भरून देईल. सेवापुस्तकाची प्रतही दरवर्षी अंमलदाराच्या (शिपाई ते सहायक फौजदार) हातात पडू द्या.

आणि या वर्षी निवृत्त होणाऱ्या ज्या अंमलदारांच्या ग्रॅच्युइटीवर अशी वसुली लावली आहे, त्यांची यादी घटकप्रमुखांकडून (पोलीस अधीक्षक, आयुक्त) मागवा. ती कपात त्यांच्या निरोप समारंभाआधी थांबवा.

आपली,
एका निवृत्त सहायक फौजदाराची मुलगी