मुक्ता, आधी बोअर बघू

उद्यमबाग, बेळगाव

प्रिय मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

तुला घ्यायच्या गाडीचे फोटो आईने दाखवले. 2007 ची पोर्शे बॉक्स्टर एस, बेंगळुरूची. फोनवर तू किंमत सांगितलीस आणि मी गप्प झालो, त्याचं तुला वाईट वाटलं असं ती म्हणते. मी नको म्हणत नाही बाळा. पैसे तुझ्या कमाईचे आहेत, आणि तसलं इंजिन जवळून बघायची हौस मला तुझ्यापेक्षा जास्त आहे. पण गाडी जुनी झाली की तिची किंमत उतरते, तिच्या पार्टची उतरत नाही. हे फोनवर नीट सांगता येईना, म्हणून लिहितोय.

सगळ्यात आधी बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात सरकतो ते सिलिंडरचं भोक. ट्रॅक्टरच्या ब्लॉकच्या बोअरला लाइन, म्हणजे ओरखडा, पडली की आपण शेडमध्ये काय करतो ते तू स्टुलावर बसून कितीदा बघितलंयस. मशीनवर चढवायचा, अर्धा मिलिमीटर काढायचा, होनिंग करायचं, म्हणजे आतून घासून घ्यायचं, ओव्हरसाइज पिस्टन घालायचे, की चार दिवसांत ट्रॅक्टर पुन्हा उसाच्या फडात. तिथे ब्लॉक बिडाचा असतो. या 3.4 लिटरच्या इंजिनचा ॲल्युमिनियमचा आहे. बोअरच्या आतल्या बाजूला सिलिकॉनचे कण धरलेले असतात, पिस्टन त्यांच्यावरून सरकतो, आणि पिस्टनच्या अंगावर लोखंडाचा पातळ मुलामा असतो. थंड इंजिन जोरात पळवलं, किंवा इंजेक्टर जास्त पेट्रोल सोडून बोअरवरचं ऑइल धुऊन काढू लागला, की हा मुलामा जातो. मग ॲल्युमिनियमवर ॲल्युमिनियम घासतं आणि उभ्या लाइनी पडतात. असा ब्लॉक माझ्या मशीनवर चढवून काही उपयोग नाही, हे लिहिताना मला खरंच वाईट वाटतंय. इंजिन पूर्ण उतरवून उघडायचं, बोअरमध्ये नवे लायनर, म्हणजे नळकांडी, बसवायचे, त्यांना निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा मुलामा द्यायचा, नवे पिस्टन घालायचे. अमेरिकेत या सगळ्या कामाला पंधरा-वीस हजार डॉलर सहज जातात. आपल्या पैशात तेरा-चौदा लाखांच्या पुढेच धर. इथे पार्ट बाहेरून आणायचे तर ड्यूटी आणि भाडं वर.

टकटक आवाज, टेलपाइपला काजळी, ऑइल कमी होणं, या खुणा तू वाचल्या असशील. पण जाड ऑइल घालून आवाज थोडे दिवस दाबता येतो. प्लगच्या भोकातून कॅमेरा घातला तरी बोअरचा खालचा भाग नीट दिसत नाही, आणि लाइनी तिथेच आधी पडतात. सम्प, म्हणजे इंजिनखालचं ऑइलचं भांडं, उतरवून खालून बघायला हवं. उतरवलेल्या ऑइलचा फिल्टरही कापून बघेन. धातूची चमक दिसली तर पुढचं बोलायलाच नको.

आयएमएस बेअरिंगची, म्हणजे इंजिनातल्या इंटरमिजिएट शाफ्टच्या बेअरिंगची, तू फार धास्ती घेतलीस. मला तिची एवढी नाही. अमेरिकेत जो खटला 2013 मध्ये तडजोडीने मिटला तो 2001 ते 2005 च्या गाड्यांचा होता. 2006 पासून बेअरिंग मोठं आणि दणकट आलं, तक्रारी पुष्कळ कमी झाल्या. अडचण एवढीच की ते मोठं असल्यामुळे क्रँककेस, म्हणजे इंजिनचं मुख्य कवच, उघडल्याशिवाय बाहेर येत नाही. 2009 च्या मॉडेलपासून इंजिनच नवं आलं, त्यात ही इंटरमिजिएट शाफ्टच नाही. थोडे जास्त पैसे घालून तसली मिळाली तर मला रात्री झोप लागेल.

बाकीचं थोडक्यात. रेडिएटर आणि एसीचे कंडेन्सर पुढच्या बंपरच्या तोंडाशी आहेत. पालापाचोळा आत साठतो, ओला राहतो आणि ते कुजतात. आपल्याकडे हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून गाडी आणलीस तर बंपर उतरवून साफ करावंच लागेल. कापडी टपाच्या पाणी जायच्या नळ्या तुंबल्या तर पाणी आत उतरतं आणि सीटखालच्या कंट्रोल युनिटपर्यंत जातं. बेळगावच्या पावसात गाडी झाडाखाली लावायची नाही. चोर्ला घाटातून गोव्याला जायचं म्हणतेस, तर पावसाळा संपून रस्ता नीट झाल्यावरच.

निपाणीच्या एका तंबाखूवाल्यांची परदेशी गाडी मागच्या वर्षी वॉटर पंप येईपर्यंत आपल्या शेडमध्ये उभी होती. पंप आला तोवर उंदरांनी वायरिंग खाल्लं होतं. वायरिंगचं बिल पंपाच्या वर गेलं. म्हणून म्हणतो, कंपनीच्या वर्कशॉपपासून लांब राहणाऱ्याने अशी गाडी घेताना निदान किमतीच्या निम्मे पैसे वेगळे ठेवावेत. ते नसतील तर अजून वर्षभर साठव.

आणि कागदपत्रं. विकणारा म्हणतो, घरच्या पत्त्यावर केए-22, म्हणजे बेळगावचा नंबर, करून घ्या, टॅक्स वाचेल. तसं करू नकोस. तू राहतेस पुण्यात. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांच्या वर गाडी ठेवली की तिथला नंबर घ्यावाच लागतो. सीमेवरच्या आपल्या लोकांना हे चांगलं माहीत आहे, आरटीओच्या एनओसीसाठी (ना-हरकत दाखल्यासाठी) मी स्वतः किती हेलपाटे घातलेत. शिवाय गाडीला पंधरा वर्षं होऊन गेली, तेव्हा आरसीचं नूतनीकरण झालंय का ते आधी विचार. परदेशी बनावटीच्या मोटारीला त्याची फी 40,000 रुपये आहे, वीस वर्षांनंतर 80,000.

शनिवारी मी राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने निघतो, रविवारी सकाळी बेंगळुरूत असेन. तू पुण्याहून ये. विकणाऱ्याला सांगून ठेव, आदल्या रात्रीपासून इंजिन सुरू करायचं नाही, पहिला आवाज मला थंड इंजिनचा ऐकायचाय. आणि रॅम्प असलेलं एक गॅरेज ठरव, त्या दिवशी उघडं असेल असं. नव्या ऑइलचे पैसे आपण देऊ, आठ लिटरच्या वर लागेल. तो सम्प उतरवू देत नसेल तर मला शुक्रवारीच कळव, म्हणजे तिकीट रद्द करतो.

आईने कुंदा बांधून ठेवलाय, तो घेऊन येतो.

तुझा,
बाबा